दुधाचा हिशेब असतो, पाहण्याचा का नसावा?

स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेले कॅलेंडर हा मराठी घरातला फार प्रामाणिक दस्तऐवज असतो. दूध आले नाही त्या तारखेभोवती गोल, गॅसचे सिलिंडर कधी लावले त्याची खूण, धुणीभांडी करणाऱ्या ताईंचे खाडे, भिशीचा हप्ता, आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या कधी आणल्या त्याची नोंद. ‘कालनिर्णय’ १९७३ मध्ये सुरू झाले, आणि तेव्हापासून त्याच्या चौकोनांत घरोघरच्या बायकांनी वर्षावर्षाचा हिशेब लिहून ठेवला आहे. डिसेंबरअखेर ते कॅलेंडर रद्दीत टाकण्यापूर्वी सहज चाळले, तर घराचे वर्ष कसे गेले ते कळते. एक गोष्ट मात्र त्या चौकोनांत कुठेच सापडत नाही. आपण पडद्यासमोर किती वेळ बसलो, काय पाहिले आणि त्यातून आपल्याला काय मिळाले?

धुळ्यात एकेकाळी हा हिशेब ठेवण्याची गरजच नव्हती. ‘सिनेमा देखाले’ निघणे हाच घरातला एक कार्यक्रम असे. त्याला निमित्त लागे. खेड्यावरून पाहुणे आलेले असत, परीक्षा संपलेली असे, नाहीतर नवीन लग्न झालेले असे. बारा, तीन, सहा आणि नऊ अशा खेळांच्या वेळा ठरलेल्या असत. तिकिटाची रांग, मध्यंतर, आणि शेवटी पडदा पडून दिवे लागणे, म्हणजे आता घरी जायचे. वर्षभरात पाहिलेले सिनेमे बोटांवर मोजता येत आणि प्रत्येक वेळी सोबत कोण होते तेही सांगता येई. आता पडदा खिशात आला आहे. त्याला खेळांच्या वेळा नाहीत आणि एक संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. दाक्षिणात्य चित्रपटांचे हिंदी अवतार, कोरियन मालिका, मालेगावच्या हौशी कलावंतांचे विनोदी व्हिडिओ, सगळे एका बोटाच्या अंतरावर आहे. यात वाईट काही नाही. पूर्वी धुळ्यासारख्या गावात जे चित्रपट येतच नसत, ते आज घरबसल्या पाहता येतात. पण दिवे लावून ‘आता घरी जा’ असे सांगणारे कुणी उरलेले नाही. ते काम आता आपल्यालाच करावे लागते आणि त्यासाठी आधी आपण किती बसलो हे माहीत असावे लागते.

म्हणून या स्तंभातून आम्ही एक साधी सूचना करू इच्छितो. वर्षभर आपण जे चित्रपट आणि मालिका पाहतो, त्यांची एका वहीत नोंद ठेवावी. सुरुवात पाडव्याला करा, आखाजीला करा किंवा आजच करा. आपल्याकडे सालदाराचे वर्ष आखाजीपासून आखाजीपर्यंत मोजत आले आहेत, तेव्हा तोही मुहूर्त चालेल. ही सूचना हौशी सिनेरसिकांसाठी नाही. झोप, डोळे, मन आणि घरातला संवाद या चारही गोष्टींशी तिचा संबंध आहे.

फाळक्यांचे डोळे

पाहण्याच्या सवयीचा आरोग्याशी असलेला संबंध महाराष्ट्राला भारतीय चित्रपटाच्या जन्माआधीच कळला होता. १९११ मध्ये, ईस्टरच्या सुमारास, धुंडिराज गोविंद फाळके यांनी गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. त्यानंतर साधारण दोन महिने त्यांनी मुंबईत लागलेला एकही चित्रपट सोडला नाही. पाहिलेल्या प्रत्येक चित्रपटाची ते चिरफाड करत. असे आपल्याकडे करता येईल का, याच विचारात असत. पुढे घरी प्रयोग सुरू झाले. झोप तीन तासांवर आली. परिणाम असा झाला की त्यांची दृष्टी काही काळ गेली. डॉ. प्रभाकर यांच्या वेळेवर झालेल्या उपचारांमुळे आणि तीन-चार चष्म्यांच्या मदतीने ती परत आली, असे फाळक्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. त्यानंतर ते विमा पॉलिसी तारण ठेवून लंडनला गेले आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला.

आजचे नेत्रवैद्यक सांगते की केवळ पडदा पाहिल्याने दृष्टी कायमची जात नाही. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते. त्यामुळे डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, डोके दुखते. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे, हा सोपा नियम त्यासाठीच आहे. फाळक्यांच्या बाबतीत नेमके काय झाले, हे आज सांगणे कठीण आहे. पण त्यांच्या गोष्टीत आपल्यासाठी दोन धडे आहेत. पहिला, झोप तोडून केलेले पाहणे शरीर विसरत नाही. दुसरा, त्यांचे पाहणे बेहिशेबी नव्हते. कोणता चित्रपट, त्यात काय होते आणि आपण काय शिकलो, हे त्यांना नेमके ठाऊक होते. आपल्यापैकी अनेक जण पहिली चूक करतात आणि दुसरा गुण मात्र घेत नाहीत.

अंदाज का फसतो

‘मी काही फार पाहत नाही, आठवड्यातून एखादा सिनेमा,’ असे बहुतेक जण मनापासून सांगतात. त्यात खोटेपणा नसतो, फसलेला अंदाज असतो. लोकांनी सांगितलेला पडद्यावरचा वेळ आणि उपकरणात नोंदला गेलेला वेळ यांची तुलना करणाऱ्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०२१ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेव्हियर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोन्हींचा मेळ जेमतेमच होता. सांगितलेला वेळ प्रत्यक्ष वेळेच्या जवळ जाणारे लोक थोडेच निघाले. काही जास्त सांगतात, काही कमी. आपण कोणत्या गटात आहोत, हे नोंद केल्याशिवाय कळण्याचा मार्ग नाही.

स्मृतीचे शास्त्रच मुळी अशा स्वतःच्या नोंदींतून उभे राहिले. जर्मन मानसशास्त्रज्ञ हरमन एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करून आपण त्या किती वेळात विसरतो, हे स्वतःवरच मोजले आणि १८८५ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो आणि पुढे मंदावतो, हे त्यांनी दाखवले. चित्रपटाची गोष्ट निरर्थक अक्षरांपेक्षा नक्कीच जास्त टिकते. पण कशी पाहिली यावरही ते अवलंबून असते. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न विद्यापीठात ५१ विद्यार्थ्यांना एकच सहा भागांची मालिका तीन प्रकारे दाखवली गेली. काहींनी आठवड्याला एक भाग पाहिला, काहींनी रोज एक आणि काहींनी सलग एकाच बैठकीत सगळे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एका बैठकीत पाहणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी मालिका सर्वांत चांगली आठवत होती. पण १४० दिवसांनंतर त्यांचीच आठवण सर्वांत जास्त घसरली होती. शिवाय त्यांनी मालिकेचा आनंदही कमी मिळाल्याचे सांगितले. अभ्यास लहान आहे, त्यावरून नियम काढू नये. तरी ‘एका रात्रीत अख्खा सीझन संपवला’ असे अभिमानाने सांगणाऱ्याने सहा महिन्यांनी त्यातले काय आठवते, ते स्वतःच तपासून पाहायला हरकत नाही.

देश म्हणून आपण हा हिशेब ठेवायला सुरुवात केली आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या वेळवापर सर्वेक्षणात पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंतचा दिवस अर्ध्या अर्ध्या तासाच्या तुकड्यांत विचारला जातो. ‘दिवसभरात किती पाहता?’ असे मोघम विचारण्यापेक्षा ही पद्धत बरी, कारण तिच्यात दिवस एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आठवावा लागतो. संस्कृती, विरंगुळा, प्रसारमाध्यमे आणि खेळ या सगळ्यांवर मिळून सहा वर्षांवरील भारतीय २०१९ मध्ये दिवसाचा ९.९ टक्के वेळ घालवत होते. २०२४ मध्ये तो ११ टक्के झाला. फरक किरकोळ वाटतो. पण दिवसाला तो पंधरा-सोळा मिनिटांचा आणि वर्षाला सुमारे ९६ तासांचा, म्हणजे चक्क चार दिवस-रात्रींचा आहे. लहान आकडे वर्षभरात कसे मोठे होतात, हे दुधाचा हिशेब ठेवणाऱ्या कुठल्याही गृहिणीला वेगळे सांगायला नको.

धुळेकरांना कागदाचे महत्त्व तर कुणी शिकवू नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे मिळवली, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड सिद्ध केले आणि १९२६ च्या अखेरीस याच शहरात देह ठेवला. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही इथे उभे आहे. आधी अस्सल कागद आणि मग निष्कर्ष, ही शिस्त त्यांनी महाराष्ट्राला लावली. स्वतःच्या वेळेबाबत मात्र आपण सगळे ऐकीव बखरींवरच विसंबून असतो.

वहीत काय लिहावे

नोंद जितकी सोपी, तितकी ती टिकते. एका ओळीत सहा गोष्टी पुरेत. तारीख. नाव. कुठे पाहिले, म्हणजे थिएटरात, टीव्हीवर की फोनवर. सोबत कोण होते. किती वाजता संपले. आणि शेवटी, दुसऱ्या दिवशी सकाळी लिहायचे एक वाक्य, की काय आठवते आहे किंवा कसे वाटते आहे. हे शेवटचे वाक्य मुद्दाम सकाळचे असावे. रात्री पडदा बंद करताना सगळेच बरे वाटते.

अर्धवट सोडलेले चित्रपट, पाहता पाहता लागलेली डुलकी, एका हातात फोन घेऊन पाहिलेले सिनेमे यांचीही नोंद करावी. लाज बाळगू नये, वही कुणाला दाखवायची नाही. मालिकेच्या बाबतीत भागांची संख्या लिहावी. लहान व्हिडिओंची एकेक नोंद करणे अशक्य आहे. त्यांच्यासाठी फोनमध्येच असलेला वापराचा आकडा आठवड्यातून एकदा, रविवारी, उतरवून घ्यावा.

अशी नोंद ठेवणाऱ्यांची परंपरा चांगली आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची उभारणी करणारे पी. के. नायर लहानपणापासून सिनेमाची तिकिटे जपून ठेवत आणि पुढे आयुष्यभर पाहिलेल्या चित्रपटांची टिपणे करत राहिले. फाळक्यांच्या चित्रपटांची उरलीसुरली रिळे मिळवून जपली, ती याच नायरांनी. हॉलिवूडचे दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग दर जानेवारीत आपण मागच्या वर्षी कोणत्या दिवशी काय पाहिले आणि काय वाचले, याची यादीच प्रसिद्ध करतात. जगभरातले हौशी प्रेक्षक ‘लेटरबॉक्स्ड’सारख्या ॲपवर हेच करतात.

‘माझा सगळा इतिहास ॲपमध्ये आहेच की,’ असे कुणी म्हणेल. खरे आहे. नेटफ्लिक्सच्या खात्यात पाहिलेल्या गोष्टींची तारीखवार यादी मिळते आणि ती उतरवूनही घेता येते. यूट्यूबही पाहिल्याचा इतिहास दाखवते. सुरुवात करताना मागच्या महिन्याची ती यादी जरूर पाहा, अनेकांना तिथेच पहिला धक्का बसेल. पण ती यादी आपल्यासाठी केलेली नसते. पुढे काय दाखवले म्हणजे आपण बसून राहू, हे ठरवण्यासाठी ती असते. शेजारी कोण बसले होते, डोळे कधी मिटले आणि सकाळी उठल्यावर कसे वाटले, हे त्या यादीला माहीत नाही. आरोग्याच्या दृष्टीने नेमके तेच रकाने महत्त्वाचे आहेत.

‘किती वाजता संपले’ हा रकाना

सहा गोष्टींपैकी एकच लिहायची असेल तर ही लिहावी. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप हवी, असे झोपेचे तज्ज्ञ सांगतात. रात्री दहाला सुरू केलेला अडीच तासांचा चित्रपट साडेबाराला संपतो. अंथरुणावर पडल्या पडल्या झोप येत नाही, एक वाजतो. सकाळी मुलांचा डबा, नळाचे पाणी, कामावरची बस यांपैकी कशासाठी तरी साडेपाचला उठावेच लागते. झोप झाली साडेचार तास. आठवड्यातून दोन रात्री असे झाले, तर वर्षभरात १०४ रात्री प्रत्येकी अडीच तास, म्हणजे २६० तासांची झोप बुडाली. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्याने हा रकाना आपल्या डॉक्टरांना दाखवला, तर ‘रात्री झोप कशी लागते?’ या प्रश्नाच्या ‘बरी’ या उत्तरापेक्षा त्यांना कितीतरी जास्त माहिती मिळेल.

झोप उडण्याचे खापर बहुधा फोनच्या निळ्या प्रकाशावर फोडले जाते. ते कारण पूर्ण नाही. बेल्जियममध्ये १८ ते २५ वयाच्या ४२३ जणांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सलग भागांमागून भाग पाहणाऱ्यांची झोप जास्त बिघडलेली, थकवा जास्त आणि निद्रानाशाची लक्षणे जास्त आढळली. साध्या टीव्ही पाहण्याशी असा संबंध दिसला नाही. संशोधकांच्या मते, अंथरुणात पडल्यावरही मन गोष्टीतच घोळत राहते, पुढे काय होईल याचा विचार थांबत नाही, हे त्यामागचे कारण होते. प्रत्येक भाग मुद्दाम अर्धवट वळणावर तोडलेला असतो, तो मन शांत होऊ नये म्हणूनच. तेव्हा मालिका पाहायचीच असेल तर भाग संपेपर्यंत न थांबता, भागाच्या मध्यावर एखादा ताण निवळला की बंद करावी, ही युक्ती करून पाहण्यासारखी आहे.

नोंद ठेवल्याने सवय आपोआप थोडी बदलते, हे आहाराच्या बाबतीत पुष्कळ अभ्यासले गेले आहे. अमेरिकेत वजन कमी करू पाहणाऱ्या सुमारे १,७०० जणांच्या २००८ मधल्या एका अभ्यासात, रोज खाल्लेले लिहिणाऱ्यांचे वजन काहीच न लिहिणाऱ्यांच्या दुप्पट कमी झाले. लिहिणारे मुळातच जास्त निग्रही असतील, ही शक्यता धरूनही हा फरक विचार करायला लावतो. ‘आता हे वहीत लिहावे लागेल,’ हा क्षणभराचा विचारच हात थांबवतो. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याआधी मिळणाऱ्या काही सेकंदांत तेवढा विचार मावतो.

‘सोबत कोण’ हा रकाना

पाहणे कमी करा, असे सांगण्यासाठी हा लेख नाही. चांगला चित्रपट चारचौघांत बसून पाहणे ही आरोग्याला हितकारक गोष्ट असू शकते. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही गटांना डोळ्यांत पाणी आणणारा चित्रपट दाखवला, तर काहींना साधे माहितीपट. हृदयाला भिडणारा चित्रपट एकत्र पाहिलेल्यांची वेदना सोसण्याची क्षमता वाढली आणि शेजारच्या अनोळखी माणसांविषयीची जवळीकही वाढली. शरीरात तयार होणारी वेदनाशामक एंडॉर्फिने यामागे असावीत, असा त्यांचा कयास आहे. सिनेमात मनसोक्त रडून आलेल्या आपल्या आज्या ‘छान होता गं सिनेमा’ का म्हणत, त्याचे हे एक उत्तर असू शकेल.

दुसरा अभ्यास इंग्लंडमधल्या पन्नाशीपुढच्या २,१४८ जणांचा आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांचा दहा वर्षे मागोवा घेतला होता. जे दर काही महिन्यांनी सिनेमा, नाटक, संगीताचा कार्यक्रम किंवा प्रदर्शनाला जात, त्यांना नैराश्य येण्याचा धोका ३२ टक्के कमी दिसला. महिन्यातून एकदा किंवा जास्त वेळा जाणाऱ्यांमध्ये तो ४८ टक्के कमी होता. हा कार्यकारणाचा पुरावा नव्हे. ज्यांची तब्येत आणि खिसा बरा, तेच बाहेर पडतात. संशोधकांनी त्याचा हिशेब धरल्यानंतरही संबंध उरला, एवढेच म्हणता येते. मात्र हे लक्षात घ्यावे की ते सगळे घराबाहेर पडून, कपडे बदलून, माणसांत जाऊन पाहणे होते.

खान्देशातल्या किती घरांत आज मुले पुण्याला, मुंबईला किंवा सुरतेला आहेत आणि आई-वडील दोघेच, किंवा दोघांतले एकच मागे आहे. देवपुरातल्या एखाद्या घरी रात्री अकराला खिडकीतून निळसर उजेड दिसतो, तो कुणीतरी आवडीने सिनेमा पाहत असल्याचा असेल, किंवा झोप येत नाही म्हणून फोन चालू असल्याचाही असेल. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. वहीतला ‘सोबत कोण’ हा रकाना महिनोन्‌महिने रिकामा राहिला आणि सकाळच्या वाक्यात ‘काही आठवत नाही’, ‘उदास वाटते’ असे पुन्हा पुन्हा येऊ लागले, तर प्रश्न सिनेमाचा नाही, एकटेपणाचा आहे. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून जास्त काळ बिघडली असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना भेटावे. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतही बोलता येते. बाहेरगावच्या मुलांनीही आठवड्याच्या फोनवर ‘जेवलीस का?’ या प्रश्नाला जोडून ‘काय पाहिलेस?’ हा प्रश्न विचारून पाहावा. ठरवून दोघांनी एकच सिनेमा आपापल्या घरी पाहावा आणि दुसऱ्या दिवशी त्यावर बोलावे. ‘सोबत’च्या रकान्यात ते नाव लिहायला आमची हरकत नाही.

मोजण्याचेही व्यसन असते

आता दुसरी बाजू. आकडा हातात आला की तो वाढवण्याची किंवा घटवण्याची ओढ लागते. ‘यंदा शंभर सिनेमे’ असा संकल्प जगभर दर जानेवारीत केला जातो. अडीच तासांच्या हिशेबाने शंभर सिनेमे म्हणजे २५० तास, दहा दिवसांहून जास्त. तेही ठीक, पण मग लांबीने लहान सिनेमे शोधले जातात, दीडपट वेगाने पाहिले जातात आणि पाहणे हे काम होऊन बसते. अमेरिकी संशोधक जॉर्डन एटकिन यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चित्रे रंगवणे, चालणे, वाचणे अशा आवडीच्या गोष्टी लोकांना मोजायला लावल्या. लोकांनी त्या जास्त केल्या, पण त्यांना त्यात आनंद कमी वाटला आणि मोजणे थांबल्यावर त्या करण्याची इच्छाही कमी झाली. म्हणून आमच्या सूचनेत एकूण बेरजेला रकाना नाही. तारे नाहीत, गुण नाहीत. बेरीज वर्षातून एकदाच करावी.

ही वही दुसऱ्यावर पाळत ठेवण्याचे साधनही होऊ नये. नवऱ्याने बायकोच्या मालिका मोजू नयेत, सासूने सुनेच्या आणि बापाने मुलाच्या. ज्याची त्याची वही ज्याने त्याने ठेवावी. अगदी लहान मुलांची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यांचा पडदा आपण लावतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाखालच्या बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. जेवताना बाळापुढे फोन ठेवला, तर ती नोंद आईबापांच्या वहीत व्हायला हवी.

वर्ष संपल्यावर

बाराव्या महिन्यात वही उघडून तीनच प्रश्न विचारावेत. यातले किती मी निवडले आणि किती समोर आले म्हणून पाहिले? किती रात्री बारानंतर संपल्या? आणि किती पाने अशी आहेत, की ज्यांच्याकडे पाहून शेजारी बसलेल्या माणसाचा चेहरा आठवतो? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या हाती किती सूत्रे आहेत ते सांगेल, दुसऱ्याचे शरीराचा हिशेब दाखवेल आणि तिसऱ्याचे त्या वर्षातून काय उरले ते. पुढच्या वर्षासाठी एकच बदल ठरवावा. बारानंतर संपणारे सिनेमे निम्मे करायचे, किंवा महिन्यातून एकदा घरातल्या सगळ्यांनी मिळून थिएटरात जायचे. दहा संकल्पांपैकी एकही टिकत नाही, एक टिकू शकतो.

फाळक्यांनी चित्रपट काढण्यासाठी भांडवल उभे करताना एक छोटी फीत तयार केली होती. कुंडीत वाटाणा पेरून ते रोज त्याचे एकच चित्र घेत. एका चित्रात काहीच घडताना दिसत नसे. महिनाभराहून जास्त काळची चित्रे सलग दाखवली, तेव्हा पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बी रुजले, कोंब वर आला आणि वेल झाला. रोजची एक ओळ हेच काम करते. कॅलेंडर भिंतीवर आहे, त्याला दोऱ्याने बांधलेले पेनही बहुतेक घरांत आहे. काल रात्री काय पाहिले आणि ते किती वाजता संपले, एवढे आज सकाळी त्या चौकोनात लिहून ठेवा.